जरकन

मधल्या मारुतीजवळ आमचं दुकान,
जिन्याखाली, दीड माणूस मावेल एवढं.
बाहेर मे महिना. पत्र्यावर भाकरी भाजावी असं ऊन.
आत मी, एक भिंग, टेबलफॅन
आणि पेनासारखं ते मशीन.
टोक खड्यावर टेकवायचं,
हिरा असला तर पिऽप म्हणतं.

हिरा ऊब झटक्यात ओढून घेतो, एवढंच त्याला कळतं.
हल्ली त्यालाही फसवतात.
मॉइसॅनाइट आलाय, त्यावरही पिऽप करतं खुळं.
मग भिंगातून मागच्या कडा बघायच्या,
एकीच्या दोन दिसल्या की समजायचं.

चन्नवीर पोतदारांच्या वेळी मशीन नव्हतं.
ते खड्यावर हाऽ करायचे.
वाफ बसून राहिली तर काच,
बसता बसता उडाली तर पुढचं बोलू.
म्हणायचे, नऊपर्यंत जिना आहे रे,
नऊ आणि दहाच्या मध्ये सरळ कडा.
घासून कुणाच्या बापाला झिजायचा नाही हिरा,
पण हातोडी लांब ठेव.
आत त्याच्या एक रेघ असते,
तिथं लागलं की दोन तुकडे.
आणि डब्यातली कडक भाकरी
बुक्कीनं फोडून माझ्यापुढं सरकवायचे.

परवा राजव्वा एक्कलदेवी आल्या, नीलमनगरहून,
जिथं एकही नीलम नाही.
विडीच्या कारखान्यातून थेट.
अंगाला तंबाखूचा वास,
बाकावर मांडी घातली तर हात असे ठेवलेले
जसं काही मांडीवर सूप आहे.
पदराच्या गाठीत कागद,
कागदात सात-सात खड्यांच्या कुड्या.
"सासू हिऱ्याच्या म्हणायची. बघा की ओ.
नातीची नर्सिंगची फी भरायचीय."

टोक टेकवलं. गप्प.
दुसरा खडा. गप्प.
सातही. मग दुसऱ्या कानाचे सात.
फॅनचा आवाज मोठा झाला.

भिंगात जरकन.
जुना, जमिनीतूनच आलेला, लबाड नव्हे,
पण साडेसातचा.
पैलूंच्या कडा गोल झालेल्या,
साबणाच्या वडीच्या चार दिवसांत होतात तशा.
नुसते कागदात बांधून ठेवले
तरी एकमेकांना घासून झिजतात हे.
हिऱ्याच्या कडेवर पन्नास वर्षांचं
काहीच उमटलं नसतं.

सांगितलं. सोन्याचे तेवढे येतील म्हणालो.
रडल्या नाहीत, वाद घातला नाही.
मशीनकडेच बघत होत्या.
"रेशनचं मशीनबी असंच करतंय ओ.
अंगठा ठेवला की गप्प."
आणि अंगठा पुढं केला.
तेंदूचं पान, दोरा, दिवसाला हजार,
चाळीस वर्षं.
कातड्यावर एक रेघ नाही.
"पुसून ठेवा म्हणतंय, परत ठेवा म्हणतंय.
मग ते पोरगं म्हणतंय, आजी,
हे तुम्ही न्हाईत."

मी भिंग दिलं.
त्यांनी आधी खडा बघितला,
मग, न सांगता, अंगठा.
बराच वेळ अंगठा.

कुड्या मोडल्या नाहीत.
एकीचा मळसूत्राचा फिरका सैल होता, तो बसवून दिला.
"किती?"
"राहू द्या."
"राहू कसं?"
दहाची नोट भिंगाखाली सरकवली,
कुड्या कानात घातल्या आणि उन्हात गेल्या.
फीचं काय, ते मी विचारलं नाही.
चौकापर्यंत दोन्ही कान
लखलख करत होते, अगदी निर्लज्जपणे.

नंतर दुकानात कुणी नव्हतं तेव्हा
मशीनचं टोक मी स्वतःच्या नखावर टेकवलं.
नख अडीचचं. मला माहीत आहे.
तरी जरा वेळ
कान देऊन बसलो.